वाईंगडे बाईंचं चांदीचं पाणी

शोकसभेत प्राचार्यांनी वाईंगडे बाईंच्या संशोधनाची माहिती वाचायला घेतली आणि मध्येच ते थांबले. पहिली पानं धातूंच्या ऑक्साइडांचे काचेवरचे पातळ थर, चांदीचे सूक्ष्म कण, त्यांचे आकार, त्यांचे रंग अशी गेली होती. पुढच्या पानावर एकदम चवळीच्या मुळांवरच्या गाठी, भाताचा तरवा आणि अडुळशाची पानं सुरू झाली. प्राचार्य नवीन होते. त्यांनी पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं आणि शेजारी बसलेल्या अधीक्षकांना हळूच, पण माईक चालू असताना विचारलं, "दुसऱ्या कुणाचे कागद यात आलेत का हो?"

मी उठून म्हणालो, "नाही सर. सगळं त्यांचंच आहे."

बाई असत्या तर मोठ्यानं हसल्या असत्या. हा प्रश्न त्यांना कुणी ना कुणी सतत विचारलाच होता, फक्त माईकवर कधी विचारला नव्हता. रसायनशास्त्राच्या लोकांना त्या झाडपाल्याच्या वाटायच्या आणि आमच्या वनस्पतिशास्त्रात त्या वरच्या मजल्यावरच्या पाहुण्या. आमच्या कॉलेजात वर रसायन, खाली वनस्पती आणि मध्ये एक जिना. त्या जिन्यावरून बाईंचा आवाज आधी यायचा आणि बाई मागून यायच्या.

बाई हुपरीच्या. हुपरीत घरोघरी चांदीचे पैंजण होतात, तसे त्यांच्याही घरी होत. वडील सांधे झाळायचे, आई आणि चुलत्या घुंगरं ओवायच्या आणि कुसुम नावाची ही मुलगी शाळेतून आली की तयार माल उजळायला बसायची. "केमिस्ट्री मला शाळेत भेटली न्हाई," त्या सांगायच्या, "आमच्या न्हाणीच्या शेजारी भेटली." तेजाबाच्या वासात वाढलेली ही बाई स्वतःच्या अंगावर मात्र चांदीचा तुकडा ठेवत नसे. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "लहानपणी इतकी बघितली, आता न्हाई बघवत." आणि तरी आयुष्यभर काम केलं ते चांदीवरच.

त्यांची बोली अस्सल हुपरीची होती आणि ती त्यांनी कुठंच उतरवून ठेवली नाही. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्या 'मी येतो', 'मी बघतो' असंच बोलत, वर्गातही आणि परिषदेतही. एकदा पुण्याच्या एका परिषदेत त्यांनी "मी आता निष्कर्ष सांगतो" म्हटल्यावर पुढच्या रांगेतली एक तरुण मुलगी खुदकन हसली. बाईंनी तिच्याकडे बघून तितक्याच शांतपणे सांगितलं, "हसून झालं की निष्कर्षबी ऐका." आणि निष्कर्ष असा सांगितला की ती मुलगी चहाच्या वेळी बाईंच्या मागं मागं फिरत होती.

माणसांना नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती. गावानं मारायच्या. मी जयसिंगपूरचा म्हणून कॉलेजात असेपर्यंत 'जयसिंगपूर' राहिलो. "जयसिंगपूर, चहा घेणार काय?" असं जिन्यावरून ओरडलं की खालच्या मजल्यावरचे दहा विद्यार्थी हसायचे.

माझी त्यांची ओळख झाली ती अडुळशामुळं. एका सकाळी त्या आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या, दोन्ही हातांत पानं. नमस्कार नाही, काही नाही.

"पावणं, ही सगळी पानं एकाच झाडाची हायत. खरं का खोटं?"

मी बघितली. "खरं असेल. ही शेंड्याची आहेत, ही बुडाची."

"मग ह्या पानांच्या काढ्यानं माझ्या चांदीला पिवळा रंग येतोय आणि त्या पानांच्या काढ्यानं मातकट. असं का?"

त्या तेव्हा एका नव्या कामात शिरल्या होत्या. चांदीच्या क्षाराचं पाणी असतं नितळ. त्यात एखाद्या पानाचा काढा घातला की चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार होतात आणि पाणी हळूहळू पिवळं, मग तांबूस होत जातं. रसायनशास्त्रवाल्यांच्या लेखी पान म्हणजे फक्त एक माल, बाजारातून आणलेल्या बाटलीसारखा. मी त्यांना सांगितलं की कोवळ्या आणि जून पानांत रसायनं सारखी नसतात. इतकंच काय, सकाळच्या आणि दुपारच्या पानांतही नसतात.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आणि हे तुम्ही लोकांनी आम्हाला आधी का सांगितलं न्हाई?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

"हे बाकी बरोबर हाय," म्हणून त्या जिना चढून गेल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला, मुलामुलींच्या मध्ये, स्टुलावर येऊन बसल्या. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं, नावामागं डॉक्टर होतं, हाताखाली संशोधन करणारे विद्यार्थी होते. त्यांनी ब्लेडनं मुळाचा आडवा छेद घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि वहीत आकृती काढली. वर्गातली सगळ्यांत वाकडी आकृती. आमच्याकडे नुकतीच लागलेली एक शिक्षिका होती. तिनं घाबरत घाबरत खाली शेरा लिहिला, 'पेशींच्या भिंती एकमेकींना जोडलेल्या हव्यात.' बाईंनी आकृती खोडली, दुसरी काढली आणि तिच्यापुढं वही धरली. "आता सही करणार काय?" ते सबंध वर्ष त्या येत राहिल्या. वरच्या मजल्यावर त्यांची चेष्टा व्हायची, ती त्यांच्या कानावर जायची, आणि त्या म्हणायच्या, "हसू देत की. मला छेद घ्यायला यायला लागला, त्यास्नी अजून येत न्हाई."

त्यांचे वडील एकदा कॉलेज बघायला आले होते. पांढरं धोतर, हातात पिशवी. बाईंनी कौतुकानं त्यांना परीक्षानळी दाखवली. आत पिवळसर पाणी.

"ही काय?"

"चांदी, आण्णा."

म्हाताऱ्यानं नळी उजेडाकडं धरली. "मग पांढरी का न्हाई?"

"लई बारीक केली की ती पिवळी दिसतीया."

आण्णांनी नळी परत दिली. "आम्ही जल्मभर काळी पडलेली चांदी पांढरी केली. तू इतकं शिकून पिवळी केलीस व्हय?" बाई ही गोष्ट दर नव्या विद्यार्थ्याला सांगायच्या आणि आण्णांचा आवाज काढून सांगायच्या.

विद्यार्थ्यांशी त्या कडक वागत, पण त्यांच्या कडकपणाची जात वेगळी होती. उशिरा आलात, चालेल. भांडं फुटलं, चालेल. पण कुणी येऊन म्हणालं, "बाई, रोपं जोमात आलीत," की लगेच प्रश्न, "दिसलं का वाटलं?" मुलगा चाचरायचा. "दिसलं असंल तर आकडा सांग. वाटलं असंल तर चहाच्या वेळी सांग." पुढं पुढं हे इतकं झालं की कॅन्टीनमध्ये वडा चांगला आहे असं कुणी म्हटलं तरी पोरं एकमेकांना विचारायची, दिसलं का वाटलं?

या पोरांमध्ये दत्ता गावडे होता. चंदगड तालुक्यातला, डोंगरातल्या एका वाडीचा. बाईंच्या पद्धतीनं त्याचं नाव 'चंदगड'. उंच, अबोल, हात अतिशय स्थिर. बाई म्हणायच्या, "ह्याच्या हातात पिपेट बघितली की मला आण्णांच्या हातातली फुंकणी आठवतीया." त्याचे वडील लहानपणीच गेलेले, घरी आई आणि थोडी भातशेती. घरातला पहिलाच पीएच.डी. करणारा. राजारामपुरीतल्या बाईंच्या दोन खोल्यांत त्याचं रविवारचं जेवण ठरलेलं असे. बाई लग्नाच्या फंदात पडल्या नव्हत्या. दत्ताला त्या पोटच्या पोरासारखं वागवत असं मी लिहिणार नाही, कारण त्यांनी ते ऐकलं असतं तर माझी खरडपट्टी काढली असती. पण त्याच्या ताटात भाकरी वाढताना त्यांचा हात जरा सैल सुटायचा हे मी बघितलेलं आहे.

दत्ताचा विषय दोन्ही मजल्यांचा होता. भाताचं बी आधी लहानशा तुकड्यात दाट पेरतात, ती रोपं म्हणजे तरवा, आणि मग तो उपटून शेतात लावतात. चंदगडच्या धो धो पावसात या तरव्यावर करपा नावाचा रोग पडतो आणि पानं जळाल्यासारखी होतात. बाई आणि दत्तानं तयार केलेलं चांदीचं पाणी पातळ करून तरव्यावर मारलं तर करपा जवळजवळ येतच नव्हता. दत्तानं स्वतःच्या शेतात करून बघितलं, शेजाऱ्यांच्या शेतात करून बघितलं. रोपं हिरवीगार. बाहेरदेशीच्या एका चांगल्या जर्नलमध्ये पेपर आला, लोक त्याचे हवाले द्यायला लागले. वर्तमानपत्रांत बाईंचा फोटो आला. एक कीटकनाशकं बनवणारा कारखानदार येऊन गेला, त्याला पुढच्या पावसाळ्याच्या आत माल बाजारात आणायचा होता. वरच्या मजल्यावरचे लोक बाईंना जिन्यात थांबवून अभिनंदन करू लागले. दत्ताचा प्रबंध सादर झाला. आता फक्त तोंडी परीक्षा उरली होती आणि एका कॉलेजात त्याची मुलाखतही ठरली होती.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला दत्ताच्या आईनं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. पोराचं सगळं मार्गी लागलं म्हणून. दत्ताची आई ठेंगणी, हसरी, सारखी काहीतरी वाढणारी बाई. जेवण झालं आणि वाईंगडे बाई हात पुसत परसात गेल्या. आधी जिथं तरवा केला होता त्याच तुकड्यात आईनं घरापुरती चवळी लावली होती. चवळी पिवळट दिसत होती. बाई वाकल्या आणि त्यांनी एक रोप उपटलं.

"जयसिंगपूर, इकडं या."

मी गेलो. चवळीच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत जिवाणू राहतात, तेच हवेतलं नत्र झाडाला पुरवतात. ते मूळ स्वच्छ होतं. धुतलेल्या दोऱ्यासारखं.

"गाठी कुठं हायत?" बाईंनी विचारलं.

दत्ता मागं येऊन उभा होता. "बाई, एखादं रोप असतंय तसं. इथली जमीनच हलकी आहे."

"दुसरं उपट."

त्यानं उपटलं. मग तिसरं. मग बाई बांध ओलांडून शेजारच्या तुकड्यात गेल्या, तिथं चांदीचं पाणी कधी पडलं नव्हतं. तिथली चवळी उपटली तर मुळांना मोहरीच्या दाण्यांसारख्या गाठी लगडलेल्या. बाईंनी दोन्ही रोपं दोन हातांत धरली. दत्ताची आई दारातून विचारत होती, "काय झालं वो? सरबत करू काय?"

कोल्हापुरात आल्यावर कुंड्यांत करून बघितलं. माझ्याच खात्याच्या गच्चीवर. चांदीचं पाणी दिलेल्या मातीत गाठी नाहीत, न दिलेल्या मातीत गाठी. करप्याला मारणारी चांदी मातीतल्या चांगल्या जिवाणूंनाही सोडत नव्हती. पेपरात मात्र एक वाक्य होतं, की जमिनीवर कोणताही अपाय आढळला नाही.

"हे वाक्य माझं हाय," बाई कुंड्यांपुढं उकिडव्या बसून म्हणाल्या. "त्या पोराचं न्हाई. आढळला न्हाई म्हणं. आम्ही शोधलाच न्हाई, तर आढळंल कुठनं?"

दत्ता दुसऱ्या दिवशी आला तेव्हा मी तिथं होतो. त्याचा आवाज चढला नाही, कधीच चढत नसे.

"बाई, मी म्हणत नाही की लपवा. पण थोडं थांबा. माझी परीक्षा होऊ दे. मुलाखत होऊ दे. मग आपण दोघं मिळून लिहू, दुरुस्ती पाठवू."

"पाऊस थांबतोय काय तुझ्या मुलाखतीसाठी? तो कारखानदार ह्या हंगामात माल काढणार. तरवं पडायला लागतील."

"कारखानदाराला सांगा ना थांबायला."

"त्यो माझं ऐकतोय व्हय? त्याच्या हातात माझाच पेपर हाय."

दत्तानं समोरच्या कुंडीतली माती बोटानं उकरली. मग म्हणाला, "बघा बाई. माझ्या आईनं चवळी घालवली, तिचं काही नाही. पण मला निदान सांगून करा, जे करायचं ते."

"बघतो," बाई म्हणाल्या.

त्याच दुपारी त्यांनी जर्नलला कळवून पेपर मागं घेतला. कारखानदाराला तसंच कळवलं, आणि पेपरात ज्यांची नावं होती त्या सगळ्यांना आपोआप ईमेल गेलं. दत्ता तेव्हा घरी निघाला होता. गडहिंग्लजच्या पुढं बसमध्ये त्यानं फोनवर ते वाचलं.

पेपर मागं घेतला म्हणून त्या पावसाळ्यात तो माल बाजारात आला नाही. किती शेतकऱ्यांच्या जमिनी वाचल्या हे कुणालाच कधी कळणार नाही, कारण जे झालं नाही ते मोजता येत नाही. जे झालं ते मात्र स्वच्छ दिसलं. दत्ताचा प्रबंध परत आला, दोन प्रकरणं पुन्हा करा म्हणून. मुलाखतीत त्याला फक्त त्या पेपरबद्दल विचारलं गेलं. बाईंनी निरोपावर निरोप पाठवले, प्रकरणं मी तुझ्याबरोबर बसून करतो, वर्षात होईल. तो आला नाही. गोव्यात एका औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या कामाला लागला. फोन उचलायचा बंद झाला.

त्यानंतर प्रोफेसरपदासाठी बाईंची मुलाखत झाली. समितीतल्या एका गृहस्थांनी त्यांची संशोधनाची माहिती चाळत विचारलं, "मॅडम, तुमचं निम्मं काम पदार्थांचं, निम्मं झाडांचं. शिवाय सगळ्यांत गाजलेला पेपर तुम्हीच मागं घेतलाय. तुम्ही नेमक्या कुठल्या?"

"हुपरीच्या," बाई म्हणाल्या.

ही गोष्ट पुढं कॉलेजात खूप रंगली. मला त्यात हसू येत नाही. मुलाखतीनंतर त्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसल्या होत्या ते मी बघितलं होतं. मला म्हणाल्या, "उगंच बोललो. नीट उत्तर द्यायला पायजे हुतं. सांगायला पायजे हुतं की चांदी कुठनं येतीया आणि कुठं जातीया, दोन्ही बघितल्याशिवाय काम पुरं हुत न्हाई. पण तवा सुचलं न्हाई." पद मिळालं नाही. पुढं त्यांच्याकडे संशोधनाला यायला मुलं कचरू लागली. उरलेली वर्षं त्यांनी एकट्यानं मातीतली चांदी कुठं मुरते, किती काळ राहते, यावर घालवली. माझ्या मते त्यांचं सगळ्यांत चांगलं काम तेच. ते छोट्या छोट्या जर्नलांत आलं आणि फारसं कुणी वाचलं नाही.

पेपर मागं घेतल्याचा त्यांना पश्चात्ताप नव्हता. पद हुकल्याचाही, मी म्हणेन, थोडाच होता. दत्ताचा होता. चहा पिता पिता एकदम म्हणायच्या, "एक फोन करायचा हुता. बसमध्ये बसायच्या आधी त्याला म्हणायचं हुतं, ये, माझ्या शेजारी बस, आपण दोघं पाठवू. रडला असता, भांडला असता. पण शेजारी असता." मग थोड्या वेळानं, "मला भीती वाटली, जयसिंगपूर. तो समोर असता तर मी थांबलो असतो."

मला हे त्यांचं सगळ्यांत खरं वाक्य वाटतं. लोक त्यांना निडर म्हणत. शोकसभेतही तेच म्हणाले.

पेपर मागं घेतल्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीच्या आधी, पाऊस लांबलेला असताना, त्या मला घेऊन चंदगडला गेल्या. दत्ता सुट्टीवर आल्याचं त्यांना कुठूनतरी कळलं होतं. एसटी वाडीच्या फाट्याला थांबली, तिथून चिखलातून चालत. घरी गेलो तर दत्ताची आई बाहेर आली, गडबडून आमच्या छत्र्या घेतल्या. बसायला दिलं. चहा दिला. आत गेली, बाहेर आली.

"डोकं दुखतंय म्हणतोय," ती खाली बघत म्हणाली. "निजलाय."

मधल्या दाराला नुसता पडदा होता. त्याच्या खाली पुरुषाची दोन पावलं दिसत होती. निजलेल्या माणसाची नव्हती ती, खाटेच्या कडेवर बसलेल्याची होती. बाईंनी ती बघितली. त्या कप खाली ठेवून उठल्या आणि पडद्याकडं तोंड करून, वर्गात बोलत तशा खणखणीत बोलल्या. पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली.

"दत्ता, मी चुकलो. पेपर मागं घेतला त्यात न्हाई चुकलो. तुला न सांगता घेतला, ते चुकलं. एवढंच सांगायला आलोय."

कौलांवर पाऊस वाजत होता. पावलं हलली नाहीत. दत्ताच्या आईनं पदर तोंडाला लावला. बाई जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, एखाद्या प्रश्नाचं उत्तर यायची वाट बघावी तशा, मग म्हणाल्या, "येतो, ताई," आणि बाहेर पडल्या. छत्री घ्यायची विसरल्या. मी मागून दोन्ही छत्र्या घेऊन धावलो. बसमध्ये बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "त्या माउलीच्या चवळीचं विचारायचं राहिलं."

त्यानंतर वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या, राजारामपुरीतल्या खोल्या सोडून हुपरीला भावाकडे राहायला गेल्या. अधूनमधून कोल्हापूरला यायच्या, माझ्या प्रयोगशाळेत बसायच्या, नव्या मुलांच्या आकृत्यांना नावं ठेवायच्या. साखरेच्या त्रासानं थकल्या होत्या. दत्ताच्या लग्नाचं आमंत्रण त्यांना आलं ते त्याच्या आईकडून, फोनवर. "त्यानं सांगितलंय काय मला बोलवायला?" असं बाईंनी विचारलं का, हे मी त्यांना विचारलं नाही.

गेलो. बाई इरकली लुगडं नेसल्या होत्या, नवीन चपला घातल्या होत्या. मांडव भरलेला, स्पीकर जोरात. आहेर द्यायला स्टेजवर रांग होती, आम्ही रांगेत उभे राहिलो. दत्ता अंगानं भरला होता, मिशी ठेवली होती. आम्ही समोर गेलो तेव्हा तो क्षणभर थबकला. मग वाकला आणि बाईंच्या पाया पडला. नवरीही पडली. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "बाई, हिकडं बघा." सगळ्यांनी तिकडं बघितलं. फोटो झाला.

"जेवून जावा, बाई," दत्ता म्हणाला.

"जेवतो की," बाई म्हणाल्या.

मागचे पाहुणे वर चढत होते. आम्ही उतरलो. बाई पंगतीला बसल्या आणि सगळं जेवल्या, डॉक्टरांनी बंद केलेली जिलेबीसुद्धा. दत्ताच्या आईनं निघताना लाडू-चिवड्याची पुडी हातात दिली, हात सोडेना.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. आजरा मागं पडल्यावर म्हणाल्या, "जेवून जावा म्हणाला."

"हो."

निपाणीच्या रस्त्याला लागल्यावर पुन्हा म्हणाल्या, "तसं सगळ्यांनाच म्हणत हुता की."



पुढच्या पावसाळ्यात बाई गेल्या, हुपरीतच. दत्ताचा फोन मला आला तो त्याला कुठल्या तरी जुन्या विद्यार्थ्याकडून कळल्यावर. "बाई गेल्या असं समजलं," तो म्हणाला. मागं कारखान्यातली यंत्रं ऐकू येत होती. "सर, मला वाटायचं, एकदा सवडीनं येऊन बसेन त्यांच्याजवळ. बायकोला घेऊन." मी म्हणालो, "हो." त्यानं फोन ठेवला.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्या लग्नाच्या दिवशीच. कोल्हापूरच्या स्टँडवर आम्ही उतरलो तेव्हा दिवस कलला होता. हुपरीची बस लागलेली होती. मी म्हणालो, बसवून देतो. "मी काय लहान हाय? तुम्ही जावा, तुमची मंडळी वाट बघत असतील," असं म्हणून त्यांनी मला घालवलं. रिक्षात बसताना मी मागं वळून बघितलं. हुपरीची बस निघून चालली होती आणि बाई तिच्यात नव्हत्या. त्या पलीकडच्या फलाटासमोरच्या बाकावर बसल्या होत्या, जिथून चंदगडच्या गाड्या सुटतात. पुडी न उघडता मांडीवर धरलेली. कंडक्टर गावांची नावं ओरडत होता, लोक पिशव्या, पोती घेऊन दारात रेटारेटी करत होते. कुणीतरी बसायला आलं म्हणून बाईंनी शेजारची पिशवी उचलून जवळ घेतली, जरा सरकल्या, आणि पुन्हा त्या गाडीकडं बघू लागल्या.